परत आलेल्या बावीस गासड्या

मित्रांनो, माझे काम एका वाक्यात सांगता येते. सैल माल पोटात घ्यायचा, दाबून घट्ट करायचा आणि तारेने बांधलेली गासडी दुसऱ्या बाजूने बाहेर ढकलायची. कापसाच्या गासड्या तुम्ही चित्रात पाहिल्या असतील. माझ्या गासड्या प्लास्टिकच्या. लोकांनी टाकून दिलेल्या बाटल्या, डबे, बरण्या आणि पिशव्या यांच्या. एकेक गासडी कपाटाएवढी असते आणि पाच-सहा मोठ्या माणसांइतकी जड.

मी प्रेस आहे, जुनी प्रेस. छपाईची नव्हे, ती माझी शिकलेली बहीण म्हणा. मला फक्त दाबता येते. माझ्या दट्ट्याच्या सांध्यातून तेल ठिबकते, म्हणून खाली रंगाचा रिकामा डबा ठेवलेला असतो. आठवड्यातून तीन दिवस मला चालवतात. उरलेले दिवस मी अंगावर धूळ घेत उभी असते. इंजिनियर लोक म्हणतात की लोखंडालाही थकवा येतो. ते खरे आहे. पण माझा सगळा थकवा लोखंडाचा नाही. तो कशाचा आहे, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. बोटाएवढ्या जाड पत्र्यांना वेल्डिंग करून माझे अंग बनवले. वेल्डिंग करणाऱ्याला त्या दिवशी सर्दी झाली होती. एक शिंक आली आणि माझ्या डाव्या कुशीवरचा सांधा वाकडा गेला. तो आजही तसाच आहे. मग मला हिरवा रंग दिला. पुठ्ठ्याची खोकी आत टाकून माझी परीक्षा घेतली. खोक्यांचा मी असा चपटा ठोकळा केला की तिथला फोरमन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ही कोणाला ऐकायची नाही." माझे पहिले कौतुक ते. त्या वयात कौतुक अंगी लागते.

मला विकत घेणारे मालक तेव्हा काळ्याभोर केसांचे होते. कचऱ्यातून आलेले प्लास्टिक निवडून विकण्याचे केंद्र त्यांनी नुकतेच सुरू केले होते. माझ्याआधी ते आणि त्यांची बायको पोत्यात बाटल्या भरून त्या पोत्यांवर उड्या मारत. तेवढीच त्यांची प्रेस. मला ट्रकमधून आणले तेव्हा दार अरुंद निघाले. गवंड्याला बोलावून भिंत फोडावी लागली. "आधी यंत्र घेता आणि मग दार मोजता," असे पुटपुटत त्याने विटा काढल्या. मालक हसत होते. त्या दिवशी सगळेच हसत होते.

मला चालवायला मिस्त्री आले. अंगाने काडी, पण हातात जोर. त्यांनी माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिले आणि माझे नाव 'जाडी' ठेवले. "जाडीला भूक लागली, आणा माल," असे ओरडले की समोरच्या पट्ट्यावरून बाटल्या माझ्या तोंडात पडू लागत. मी दाबत असे, मिस्त्री पाच तारा ओवत आणि प्रत्येक तारेला उजवीकडे अडीच पीळ देत. ती गाठ इतकी सारखी असे की हजार गासड्यांतून मी ती ओळखली असती.

पट्टा म्हणजे सरकत राहणारी रबराची लांब वाट. तिच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहून माल निवडत. पाण्याच्या बाटल्या एका टोपल्यात, दुधाचे पांढरे डबे दुसऱ्यात, पिशव्या तिसऱ्यात, आणि जे कशातच बसत नाही ते खाली. या सगळ्या बायकांच्या प्रमुख होत्या मावशी. त्या कोणाच्याच मावशी नव्हत्या आणि म्हणून सगळ्यांच्या होत्या. प्लास्टिक कोणत्या जातीचे आहे हे त्यांना पाहावे लागत नसे. तुकडा कानाशी धरून चुरगळत आणि सांगत. कडकडला तर एक, कुरकुरला तर दुसरे, आणि आवाजच नाही आला तर तिसरे. नव्या बाईला शिकवताना त्या म्हणत, "डोळे फसतात गं, रंग बघून. कान फसत नाहीत."

मग आमचे चांगले दिवस आले. निदान तेव्हा आम्ही त्यांना चांगले म्हणत होतो. दूर, समुद्रापलीकडच्या देशांत आमच्या मालाला मागणी होती. दर आठवड्याला एक कंटेनर भरून बंदराकडे जाई. तिथे आमच्या गासड्या फोडून, धुऊन, वितळवून प्लास्टिकचे दाणे बनवत, आणि दाण्यांपासून पुन्हा वस्तू. माल मागणारे फार चौकशी करत नसत. सरमिसळ असला तरी घेत. थोडा ओला, थोडा घाण असला तरी घेत.

ते घेतात म्हटल्यावर इथे घाई सुरू झाली. पट्ट्याचा वेग वाढवला. पूर्वी चौदा बायका होत्या, त्या दहा झाल्या. मावशी एकदा मालकांना म्हणाल्या, "पट्टा इतका पळतो की दिसतं पण हात पोचत नाही."

मालक म्हणाले, "राहू द्या थोडं. तिकडं निवडतील."

'तिकडं निवडतील' हे शब्द पुढे आमच्याकडे रोजचेच झाले. बाटलीत अर्धे तेल राहिले? तिकडं निवडतील. पिशवीत बाळाचे घाण लंगोट? तिकडं निवडतील. मी सगळे दाबून आत घेत होते. मित्रांनो, दाबलेल्या गोष्टीला आवाज राहत नाही आणि वासही कमी येतो. बाहेरून गासडी नीटनेटकी दिसते. माझ्या त्या नीटनेटकेपणाचे फार कौतुक होई.

अशी कित्येक वर्षे गेली. मालकांचे केस पिकले, डोळ्यांत मोतीबिंदू आला. त्यांच्या मुलाला या धंद्यात रस नव्हता, तो दुसऱ्या गावी नोकरी करत होता. पण त्याची बायको, म्हणजे सूनबाई, कार्यालयात बसू लागली. कामगार तिला वहिनी म्हणत. ती मन लावून कागद वाचणारी होती. इतरांनी नुसती सही करून पुढे सरकवलेला कागदही ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचत असे.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती हातात चार पाने घेऊन पट्ट्यापाशी आली.

"प्लास्टिकचा कचरा परदेशी पाठवायचे नियम बदललेत," ती म्हणाली. "सरमिसळ माल आता असाच पाठवता यायचा नाही. ज्या देशात पाठवायचा, त्यानं आधी लेखी होकार दिला पाहिजे. काही देश तर घेणारच नाहीत. एकाच जातीचं, स्वच्छ प्लास्टिक असेल तरच ते सरळ जाईल. आणि तिकडं उघडल्यावर घाण निघाली, तर आपला माल आपण परत आणायचा."

मिस्त्री भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबले. "म्हणजे सासरहून लेक परत पाठवतात तसं," ते म्हणाले.

"त्यात लेकीचा दोष नसतो, मिस्त्री," मावशी म्हणाल्या. "यात आपला असेल." मग त्या वहिनींकडे वळल्या. "म्हणजे इतकी वर्षं आपण घाण पाठवत होतो, असंच ना?"

मालक म्हणाले, "नियम कागदावर असतात, मावशी. घेणारा घेतोच."

पण घेणारा घेईना. मालकांनी एकाला फोन केला, दुसऱ्याला केला, तिसऱ्याने उचललाच नाही. दर आठवड्याचा कंटेनर महिन्याने येऊ लागला आणि मग येईनासा झाला. गावातला कचरा मात्र रोज येत होता, कारण लोकांनी बाटल्या टाकणे थांबवले नव्हते. माझ्या पोटातून निघालेल्या गासड्या अंगणात रचू लागले. आधी एकावर एक दोन, मग तीन, मग चार. फाटकापर्यंत भिंतच उभी राहिली. ट्रकला आत येताना उलटे यावे लागे. उन्हाने बाहेरच्या बाटल्या इतक्या ठिसूळ झाल्या की हात लावला की पापुद्रे निघत. तारा गंजल्या. बाटल्यांच्या तोंडात पाणी साचून डास झाले. गासड्यांच्या फटीत एक मांजर व्यायली. शेजारच्या पाववाल्याने दोनदा तक्रार केली. अग्निशमन दलाचा माणूस टेप घेऊन आला आणि म्हणाला, "मधून दहा पावलांची वाट ठेवा. एक ठिणगी पडली तर सगळी गल्ली जाईल." वाट ठेवायला जागाच नव्हती.

दहा बायकांच्या सहा झाल्या. गेलेल्या चौघींपैकी एक जाताना मला हात लावून गेली. तिने असे का केले, मला ठाऊक नाही. मी तिच्याशी कधी चांगले वागले नव्हते की वाईट.

आणि मग ती दुपार आली. मालकांना परदेशातले एक नवे गिऱ्हाईक मिळाले होते. त्याला फक्त दुधाचे पांढरे डबे हवे होते, स्वच्छ, बावीस गासड्या. आमच्याकडे पांढरे डबे सात-आठ गासड्यांपुरतेच होते. वहिनी तीन दिवसांसाठी बंदराच्या कार्यालयात कामाला गेल्या होत्या. मालक माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात मिस्त्रींना म्हणाले, "खाली पांढऱ्या डब्यांचा थर. चारी बाजूंनी पांढरे, वर पांढरे. मध्ये अंगणातल्या गासड्या फोडून तो माल भर."

मिस्त्री माझ्या बटणांकडे पाहत राहिले. "वहिनींनी माल पाठवायच्या फॉर्मवर काय लिहिलंय?"

"स्वच्छ लिहिलंय. वरून स्वच्छच आहे."

"आणि उघडून बघितलं तर?"

"बघणारा पहिलीच उघडतो. दाराजवळची. ती पूर्ण पांढरी बांध."

मावशींनी लाल बटण दाबून पट्टा थांबवला. "मालक, अंगणातला तो माल मी नीट निवडलेला नाही," त्या म्हणाल्या. "त्यात काय काय आहे, मला ठाऊक नाही."

"तिकडं निवडतील, मावशी."

"तिकडं कोण आहे?"

मालक वाईट माणूस नव्हते, हे मी तुम्हाला सांगायलाच हवे. पोत्यांवर उड्या मारून त्यांनी हे सारे उभे केले होते. ते म्हणाले, "असेल कोणीतरी. आणि इथं कोण आहे ते मला दिसतंय. या सहाजणींना पुढच्या महिन्यात मी काय सांगू, तेवढं तुम्ही सांगा. मग नाही पाठवत."

मावशींनी पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या पाचजणींकडे पाहिले. त्यांतल्या एकीनेही मान वर केली नाही. मावशींनी हिरवे बटण दाबले. पट्टा सुरू झाला.

मी दाबले. पांढरा थर, मग काळे-निळे-मळके, मग पुन्हा पांढरा थर. मिस्त्रींनी तारा ओवल्या, उजवीकडे अडीच पीळ दिले. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस ते मला एकदाही जाडी म्हणाले नाहीत. बावीस गासड्या कंटेनरमध्ये चढल्या. वहिनींनी फॉर्मवर सही केली, आणि कंटेनर गेला.

अंगणातली भिंत थोडी खाली आली. पगार झाले. मांजराची पिल्ले मोठी होऊन निघून गेली. एखादे खोटे काम पचले की काही दिवस बरे वाटते, मित्रांनो. ते बरे वाटणेही मी पाहिले आहे. मालक पुन्हा शिटी वाजवत यायचे.

सात महिन्यांनी सकाळी फाटकात एक कंटेनर उभा राहिला. वहिनी रिकामा समजून बाहेर आल्या. ड्रायव्हरने कागद पुढे केला. त्याच्या मागून एक सरकारी तपासनीस उतरले. ते ठेंगणे, शांत होते, बगलेत फाईल. ते म्हणाले, "तुमचाच माल आहे. परत आलाय. उघडावा लागेल, माझ्यासमोर."

कुलूप काढले तशी आतून उकाड्यात कुजलेली हवा आली. पाववाल्यानेही आपले दार लावून घेतले. पहिली गासडी पूर्ण पांढरी होती. तपासनिसांनी ती बाजूला काढायला लावली आणि तिच्या मागच्या रांगेतली एक गासडी दाखवली. "तिकडं ही उघडली होती," ते म्हणाले.

ती गासडी मीच दाबली होती. तिच्या कडेवर माझ्या दट्ट्याचा ठसा होता. पण तिच्या तारा वेगळ्या होत्या, बारीक, आणि गाठींना डावीकडे पीळ होते. समुद्रापलीकडच्या कोणीतरी ती उघडून, पाहून, आपल्या हाताने पुन्हा बांधली होती. इतकी वर्षे माझ्या गासड्या तिथे जात होत्या, आणि तिथे खरोखर हात आहेत हे मला त्या डाव्या पिळाने पहिल्यांदा सांगितले.

मिस्त्रींनी तारा कापल्या. गासडी फुगली आणि दोन्ही बाजूंना कोसळली. आत रंगाचे डबे होते, लंगोट होते, कीटकनाशकाची बाटली होती, तुटकी खेळणी होती, आणि इंजेक्शनच्या सिरिंज होत्या, बऱ्याच, कोणीतरी घरगुती कचऱ्यात पिशवीत बांधून टाकलेल्या. सुई इतकी बारीक असते की दाबताना मला ती कळलीही नव्हती.

तपासनिसांनी अहवाल वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी तो नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत वाचला. मग शेवटची ओळ त्यांनी मोठ्याने, आपल्या भाषेत सांगितली. "गासडी उघडताना निवडणाऱ्या एका बाईच्या तळहातात सुई गेली. तिच्यावर उपचार सुरू आहेत."

"बाई कशी आहे?" मावशींनी विचारले.

"लिहिलं नाही."

"तिचं वय?"

"नाही लिहिलं, मावशी."

मावशींनी आपले हातमोजे काढले आणि स्वतःचा तळहात पाहिला. जणू तिथेच काहीतरी सापडणार होते.

"मी भरलं ते," मिस्त्री म्हणाले.

"मी सांगितलं म्हणून," मालक म्हणाले. ते एका गासडीवर बसले होते.

वहिनी मालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू सही केली नसतीस."

"पण सही माझी आहे," वहिनी म्हणाल्या.

तपासनिसांनी फाईल मिटली. परदेशी माल पाठवण्याचा परवाना दोन वर्षांसाठी थांबला. आणि या बावीस गासड्यांतल्या प्रत्येक वस्तूचे काय केले, ते लिहून द्यायचे होते. परस्पर पुरणे नाही, जाळणे नाही, दुसऱ्याच्या गळ्यात घालणे नाही. ते गेल्यावर मालक म्हणाले, "बंद करू आता. माझ्याच्यानं होत नाही."

"करू," वहिनी म्हणाल्या. "पण आधी या बावीस उघडू. हे दुसऱ्या कोणावर टाकून मला बंद नाही करायचं."

मित्रांनो, माझे सगळे आयुष्य बांधण्यात गेले. माझ्या गासड्या निवडण्यासाठी सुटताना मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. एकोणीस दिवस मी बंद उभी होते आणि समोर माझेच काम उलटे होत होते. पट्ट्याचा वेग मावशींनी निम्म्याहून कमी केला. सर्वांना जाड हातमोजे आणि चिमटे दिले. मिस्त्री टोपली उचलायला लागले. चौथ्या दिवशी मालकही पट्ट्यावर उभे राहिले. त्यांना नीट दिसत नव्हते. ते प्रत्येक वस्तू मावशींपुढे धरून विचारत, "ही कोणती?"

त्यांचे पहिले दोन दिवस मावशी नुसते बोट दाखवत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मालकांच्या हातातला डब्याचा तुकडा घेतला आणि त्यांच्या कानाशी धरून चुरगळला. "ऐका," त्या म्हणाल्या. "बघू नका."

मालकांनी डोळे मिटले. "कुरकुरतंय."

"मग कोणत्या टोपल्यात?"

त्यांनी बरोबर टोपल्यात टाकले. मावशी हसल्या नाहीत, पण पुढचा तुकडा त्यांनी पुन्हा त्यांच्या कानाशी नेला.

बावीस गासड्यांतून शेवटी नऊ चांगल्या गासड्या निघाल्या. पाच हलक्या प्रतीच्या. उरलेल्या मालाचे काहीच होण्यासारखे नव्हते. सुया दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर गेल्या, रंग आणि कीटकनाशकांचे डबे वेगळ्या गाडीने, आणि बाकीचे तपासनिसांनी मंजूर केलेल्या झाकलेल्या खड्ड्यात, जिथे ते तुमच्या नातवंडांपेक्षाही जास्त जगेल. म्हणजे इतकी वर्षे आम्ही जे 'पुन्हा वापरले जाणार' म्हणून पाठवत होतो, त्यातले कितीतरी नुसतेच प्रवासाला जात होते. तिकडे ते कोणाच्या अंगणात साचले असेल, कोणत्या नाल्यात गेले असेल, मला कल्पना करवत नाही.

नऊ चांगल्या गासड्यांसाठी वहिनींनी दोन तासांच्या अंतरावर दाणे बनवणारा एक छोटा कारखाना शोधून काढला. तो आधीपासून तिथेच होता. परदेशी जास्त पैसे मिळत म्हणून आम्ही कधी तिकडे पाहिलेच नव्हते. तो माणूस गासडी उघडून, हात घालून, वास घेऊन मगच घेतो. फार किटकिट करतो, असे मिस्त्री म्हणतात. पण तो पुन्हा माल मागतो.

केंद्र बंद झाले नाही. नीट चालले आहे असेही मला म्हणता येत नाही. सहा बायकांपैकी दोघींना जावे लागले. निम्मी शेड एका सुताराला भाड्याने दिली आहे. त्याचा भुसा माझ्या तेलात पडतो. हळू निवडल्यावर माल कमी होतो, आणि माल कमी म्हणून मी आठवड्यातून तीनच दिवस चालते. नियम आला म्हणून सगळे गोड झाले, अशी गोष्ट मला सांगता येणार नाही.

वहिनींनी त्या बाईची चौकशी करणारे पत्र पाठवले होते. उत्तर आले नाही. दुसरे पाठवले, तिसरे पाठवले. वर्ष होत आले तेव्हा तिथल्या एका कारकुनाचे चार ओळींचे उत्तर आले. वहिनींनी ते पट्ट्यापाशी आणून वाचले. बाईच्या हाताची जखम भरली होती. सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. बाहेरचा माल येणे बंद झाल्यामुळे तो कारखाना चार महिन्यांपूर्वी बंद पडला होता. बाई आपल्या बहिणीच्या गावी गेली होती, आणि तिचा पत्ता त्यांच्याकडे नव्हता.

"बरी आहे म्हणजे," मावशी म्हणाल्या.

"हो."

"पण काम गेलं तिचं."

वहिनींनी पत्राची घडी घातली. मालक म्हणाले, "नियम आला नसता तर राहिलं असतं तिचं काम."

"राहिलं असतं," मावशी म्हणाल्या. "आमच्या सुया वेचत." मग त्या टोपल्यांकडे पाहत म्हणाल्या, "तिच्याकडं तिथलाच स्वच्छ माल यायला हवा होता. आपल्याकडं आपला. एवढं साधं होतं ते."

सुताराची करवत तेवढी चालू होती.

मित्रांनो, मी फार शिकलेली नाही, पण इतकी वर्षे तुमच्या घरातल्या वस्तू माझ्या पोटातून गेल्या आहेत, म्हणून थोडे मागते. बरणी टाकण्याआधी विसळा. झाकण वेगळे करा. तेल, रंग, औषध प्लास्टिकमध्ये लपवून टाकू नका. सुई तर नाहीच. ती तुमच्या आईबाबांकरवी दवाखान्यात परत द्या. तुम्ही डब्यात टाकलेली वस्तू तिथे संपत नाही. पुढे तिच्यात कोणाचा तरी हात जातो. तो हात आमच्या मावशींचा असेल, किंवा अशा कोणाचा ज्याचे नाव मला कधीच कळणार नाही. आणि शक्य असेल तेव्हा ती बाटली घेऊच नका. माझे पोट रिकामे राहिले तर मला वाईट वाटणार नाही. मला आता विश्रांती चालेल.

आज मात्र माझ्या कामाचा दिवस आहे. मिस्त्रींनी सांध्याला तेल घातले, बटण दाबले आणि कितीतरी दिवसांनी म्हणाले, "चल, जाडी." पट्टा हळूहळू सरकतो आहे. मालक डोळे मिटून एक डबा कानाशी धरून उभे आहेत. संध्याकाळपर्यंत एक गासडी भरेल. ती कोणीही उघडावी, कुठूनही उघडावी. आत काय आहे, ते मी आधीच सांगू शकते.